अडीच फुटी दीपमाळ, पुणे ते वाई

दीपमाळेचा केक करून द्याल का, असं एका ताईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी फ्लेवरच्या आधी पत्ता विचारला. वाई. म्हणजे पुण्यातून निघायचं, खंबाटकीचा घाट चढायचा आणि सुरूर फाट्यावरून आत वळायचं. एप्रिलचा शेवटचा आठवडा, कार्यक्रम संध्याकाळचा, त्यामुळे केकला भर दुपारचं ऊन आणि घाटातली वळणं दोन्ही सोसायची होती. ताईंच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. गावातल्या देवळापुढच्या दीपमाळेवर त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावायचं काम आजोबांनी वर्षानुवर्षं केलेलं, म्हणून केक दीपमाळेचा. पाहुणे दीडशे. अंडं चालणार नाही हे वेगळं सांगावं लागलंच नाही.

फोटो आला. खाली चौकोनी चौथरा, त्यावर अष्टकोनी, वर निमुळता होत गेलेला खांब, दर टप्प्यावर पणत्या ठेवायला बाहेर काढलेले दगडी हात आणि माथ्यावर मोठ्या दिव्याची जागा. आकार बघून मला हायसं वाटलं, कारण ज्या कोणी ही माळ बांधली त्याने माझं निम्मं काम आधीच करून ठेवलं होतं. खाली रुंद, वर अरुंद, वजन सगळं तळाशी. पोरांच्या वाढदिवसाचा जिराफ करायचा असतो तेव्हा डोकं वर जड आणि पाय बारीक, तिथे खरा घाम फुटतो. इथे अडचणी दोनच होत्या: अडीच फुटांची उंची आणि ते बाहेर आलेले हात.

उंच केक म्हटला की बहुतेक जणी मधोमध एक काठी खुपसतात आणि निर्धास्त होतात. ही समजूत मला कायम खटकते. मधली काठी वजन घेत नाही. ती फक्त केकला कलू देत नाही, बाजूला सरकू देत नाही. वजन घेतात ते प्रत्येक थरात उभे केलेले पाय, ज्यांना आम्ही डॉवेल म्हणतो, आणि त्या पायांवर टेकलेली वरच्या थराची पाटी. मांडवात भार खांबांवर असतो आणि ताणलेले दोर मांडव हलू देत नाहीत; दोर कितीही जाड लावले म्हणून खांब काढून चालत नाही. केकने स्वतः काहीच उचलायचं नसतं. तो मऊ असतो आणि मऊच असायला हवा. त्याच्याकडून विटेचं काम करून घ्यायला गेलं की खाणाऱ्यांच्या ताटात वीटच पडते.

म्हणून सुरुवात आलेखाच्या कागदावर. चौथरा १२ इंच लांब-रुंद आणि ४ इंच उंच. त्यावर अष्टकोनी खांबाचे चार थर, तळाशी ८, ७, ६ आणि ५ इंच रुंद, प्रत्येक साडेचार इंच उंच. त्याच्या वर ८ इंचांचा माथा. बेरीज ३० इंच. वजनाचा अंदाज काढला तर पंधरा किलोंच्या घरात जात होता, त्यातले निम्म्याहून अधिक वजन चौथऱ्यावर उभं राहणार होतं. साधारण चार-पाच इंचांच्या वर केक एकसंध ठेवायचा नाही, मध्ये पाटी आणि खाली पाय द्यायचेच, हा नियम मी कितीही घाई असली तरी मोडत नाही.

सुतारकाकांकडे गेले. १८ मिलिमीटरच्या प्लायचा १६ इंची चौकोन, मधोमध भोक आणि खाली चार ठोकळे. ठोकळे दोन कारणांसाठी: उचलताना बोटं आत जायला हवीत, आणि मधल्या काठीचा, म्हणजे रॉडचा, खालचा नट टेबलाला टेकायला नको. रॉड स्टेनलेस स्टीलचा, १० मिलिमीटरचा, पूर्ण लांबीला आटे पाडलेला. प्लायच्या वरून एक नट, खालून एक नट, दोन्हीकडे रुंद वायसर. काकांनी पान्याने आवळून दिला आणि वरचं टोक धरून हलवून बघितलं.

"ताई, ह्याच्यावर पंखा बसवायचाय का?"

"केक."

"मग चांगला तासभर टिकंल."

रॉड दोन तुकड्यांत घेतला होता आणि मध्ये जोडायला लांब नट. याचं कारण गाडी. आमची गाडी छोटी हॅचबॅक. मागची सीट पाडून, वरचा ट्रे काढूनही अडीच फूट उभं जात नाही, आणि उंच केक आडवा नेता येत नाही. चौथरा आणि खालचे दोन थर घरीच चढवायचे, वरचे दोन थर आणि माथा वेगवेगळ्या खोक्यांतून न्यायचे आणि तिथे ओवायचे असं ठरवलं. रॉड उघडा केकला लागू नये म्हणून त्यावर अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइप सरकवला आणि पाइपला क्लिंग रॅप. पिण्याच्या पाण्याच्या लाइनीला वापरतात तो पांढुरका पाइप, हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतो.

आता हात. फाँडंटचे, म्हणजे साखरेच्या मळलेल्या लवचीक गोळ्याचे, हात करून केकला चिकटवायचे म्हणजे प्रत्येक खड्ड्याला एक हात रस्त्यात ठेवायचा. टूथपिक खोचून बसवले तरी टूथपिक धरणार कशाला? मऊ केकलाच. खूप वेळ त्या कागदाकडे बघत बसले आणि मग लक्षात आलं की हात केकला लावायचेच नाहीत, पाटीलाच फुटवायचे. लेझर कटिंगवाल्याकडून ३ मिलिमीटरच्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, अष्टकोनी पाट्या कापून घेतल्या. प्रत्येकीच्या आठ बाजूंच्या मध्यावर एकेक इंचाची जीभ बाहेर, मधोमध पाइपच्या मापाचं तंतोतंत भोक. ते भोक सैल असेल तर रॉडचा उपयोग शून्य, कारण केकला जागेवर धरते ती पाटी. पाट्यांना केकबोर्डचा फॉइल कागद चढवला, जिभांवर फाँडंट घडवलं. असे चार टप्प्यांवर मिळून ३२ हात. त्यांचं वजन पाटीवर, पाटीचं डॉवेलवर, डॉवेलचं खालच्या पाटीवर आणि शेवटी प्लायवर. बाजारात मिळतो तो सोनेरी पुठ्ठ्याचा बेस या कामाचा नाही. एका किलोच्या वाढदिवसाच्या केकला ठीक आहे, पण वर वजन आलं की मधोमध वाकतो, आणि तो वाकला की वरचा थर ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला सगळी माळ निघते.

एगलेस केकचा स्वभाव वेगळा असतो. अंड्याने केकच्या आतली वीण घट्ट बसते. दही आणि कंडेन्स्ड मिल्कच्या केकला ती तशी मिळत नाही, तो भुसभुशीत होतो आणि कोरायला घेतला की कडा ढासळतात. यावर माझा उपाय म्हणजे फ्रीज. भाजून झालेला केक गार करून, गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये, आणि कोरायचा तो थंडगार असतानाच, लांब पात्याच्या करवतीसारख्या सुरीने. चॉकलेटचा दाट केक घेतला. हलका स्पंज आणि व्हिप क्रीम या उंचीला विसरायचं.

गनाशचं, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट मिश्रणाचं, प्रमाण पुस्तकातलं डोळे झाकून घेऊ नये. डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग हे प्रमाण जिथून आलं तिथलं क्रीम ३५ टक्के फॅटचं असतं. आपल्याकडे टेट्रापॅकमध्ये सर्रास मिळणारं अमूलचं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं. म्हणजे त्यात पाणी जास्त, गनाश तेवढं ढिलं. एप्रिलमध्ये मी तीनास एक धरलं. चॉकलेटही कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं, वापरलं. शुद्ध चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्या आठवड्यात पुण्यातच पारा चाळिशीला टेकत होता. चवीत फरक पडतो, नाही कशाला म्हणू. पण आतल्या थरात शुद्ध आणि बाहेरच्या कवचात कंपाउंड अशी तडजोड करता येते, ती केली.

थर भरून झाले की लगेच गनाशचं कवच चढवायचं नाही. ही पायरी वेळ वाचवायला गाळली जाते आणि मग दुसऱ्या दिवशी केकला पोट सुटतं. भरलेला केक स्वतःच्या वजनाने बसत जातो, थरांमधली हवा बाहेर येते, सारण कडेला ढकललं जातं आणि वर गुळगुळीत फाँडंट असेल तर तिथे टायरसारखी वळी दिसते. प्रत्येक भरलेला थर प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यावर सपाट ताट आणि ताटावर पुस्तक ठेवून रात्रभर सोडून दिला. जे काय बसायचं ते आधीच बसलं. मग प्रत्येक थर अष्टकोनी कापून, वर जाताना अर्धा-अर्धा इंच आत घेत, त्यावर गनाश.

डॉवेलबद्दल थोडं सविस्तर सांगते. पूर्वी जाड प्लास्टिकच्या स्ट्रॉ वापरायचो, हलक्या आणि कात्रीने कापता येणाऱ्या. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर देशभर बंदी आली त्यात स्ट्रॉ गेल्या. कागदी स्ट्रॉ केकमध्ये रात्रभर राहिली की लोळागोळा होते. म्हणून लाकडी डॉवेल, ८ मिलिमीटरचे, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेले. केकच्या मधोमध एक सरळ खाली पाटीपर्यंत घालायचा, वरच्या कडेला पेन्सिलची खूण करायची, बाहेर काढायचा आणि त्या थरातले बाकीचे सगळे त्याच मापाने कापायचे. केकचा एक कोपरा दोन मिलिमीटर खाली बसलेला दिसला की तिथला डॉवेल तेवढा आखूड करायचा मोह होतो. तो टाळायचा. पाटी पायांवर टेकते, केकवर नाही. पाय सारखे तर पाटी सपाट. खाली राहिलेली फट गनाशने भरून निघते. कापलेले तुकडे ओट्यावर शेजारी शेजारी उभे करून त्यांच्यावर पट्टी ठेवली की एखादा बुटका लगेच उघडा पडतो, त्याला बाजूला करायचं. चौथऱ्यात आठ, वरच्या प्रत्येक थरात चार. एकूण २४. हा आकडा मी खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवला, तो पुढे लागणार होता.

माथ्यासाठी केक वापरलाच नाही. परदेशी पद्धतीत इथे मार्शमॅलो वितळवून त्यात फुलवलेल्या तांदळाचे दाणे कालवून आकार देतात, पण मार्शमॅलोत बहुधा जिलेटिन असतं आणि ते या घरात चाललं नसतं. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आजीच्या काळापासून आहे: चुरमुऱ्याचा लाडू. हलका, टणक आणि दाबू त्या आकाराचा. मात्र गूळ चिक्कीचाच हवा. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायचा, तो काढून वाटीच्या कडेवर आपटला की टण्ण वाजला पाहिजे. त्याआधी गॅस बंद केला तर माथा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. तूप लावलेल्या स्टीलच्या पेल्यांत गरम मिश्रण दाबून तीन तुकडे केले, ते वितळलेल्या चॉकलेटने एकमेकांवर बसवले, खालच्या तुकड्यात रॉडचा नट झाकायला पोकळी ठेवली आणि सगळ्याला बाहेरून कंपाउंडचा पातळ थर मारला. गुळाला ओल लागली की तो पाझरतो. चॉकलेटचं कवच ती ओल बाहेर ठेवेल असा हिशोब.

रंगाचं काम भराभर झालं. काळ्या आणि पांढऱ्या फाँडंटचे गोळे अर्धवट मळायचे, पूर्ण एकजीव होऊ द्यायचे नाहीत. लाटलं की दगडासारख्या शिरा येतात. चुरगळलेला अॅल्युमिनियम फॉइल वर दाबला की काळ्या पाषाणाचा खरबरीतपणा, आणि सुरीच्या पाठीने चिऱ्यांचे सांधे. त्या दुपारी दोन तास वीज गेली आणि इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. फाँडंट चढवलेला केक फ्रीजमध्ये टाकायचा नाही, बाहेर काढला की त्याला घाम फुटतो. खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, दार बंद केलं आणि वीज येण्याची वाट बघितली. कडक गनाशचा फायदा अशा वेळी कळतो.

निघण्याच्या आधी अर्धा तास गाडीचा एसी पूर्ण सुरू ठेवला. खालचा भाग मागच्या सपाट जागेत, प्लायखाली ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी, चारही बाजूंना गुंडाळलेल्या सतरंज्या. काचांना आतून पांढरे टॉवेल. वरचे दोन थर स्वतंत्र खोक्यांत, माथा माझ्या मांडीवर. पुढच्या सीटवर केक मांडीवर घेऊन बसायचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो फक्त हलक्या वस्तूपुरता खरा. सीटला उतार असतो आणि आपले हात दर ब्रेकला नकळत उचलले जातात. जड केकची जागा सपाट तळावर. नवऱ्याला एकच सूचना होती: ब्रेक हळू, गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवून. खंबाटकीत मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, ते मारू दिले. खालच्या दोन थरांमधला रॉड तिथे कामाला आला. वळणावर आरशातून बघत होते, सगळं प्लायबरोबर एकजीव हलत होतं, थर एकमेकांवर सरकत नव्हते.

तिथे पोचल्यावर आधी टेबल. मंडपवाल्याचं लोखंडी टेबल, खाली शेणाने सारवलेलं अंगण. टेबलावर लेव्हलची बाटली ठेवली तर बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला. केक ठेवून झाल्यावर टेबलाखाली चकत्या घालायच्या म्हणजे पंधरा किलो हलवत बसायचं, त्यामुळे रिकामं असतानाच दोन पायांखाली फरशीचे तुकडे सरकवले आणि बुडबुडा मधोमध आणला. मग प्लाय ठेवला, वरचा रॉड जोडनटात फिरवून बसवला. दोऱ्याला उरलेला नट बांधून ओळंबा केला आणि रॉडशी ताडून बघितला, आधी समोरून, मग काटकोनात उजवीकडून. एकाच बाजूने बघून भागत नाही. समोरून सरळ दिसणारी गोष्ट मागे झुकलेली असू शकते.

तिसरा थर रॉडच्या टोकावरून ओवून खाली आणताना दोघं लागतात. एकाने पाटी दोन्ही बाजूंनी धरायची, दुसऱ्याने बाजूला वाकून पाइप भोकात जातोय का ते सांगायचं. पाटी पायांवर टेकली की अगदी बारीक टक असा आवाज येतो. चौथा थरही तसाच. त्यावर शेवटची पाटी, वायसर आणि नट, बोटांनी आवळला तेवढाच. वर माथा. सांध्यांवर फाँडंटच्या पट्ट्या फिरवल्या की थर वेगळे आणले होते हे शोधून सापडत नाही. मान वर करून बघितलं तर माळ सरळ होती. तासाभराने बघितलं, सरळच होती.

नातवंडांना हातांवर खऱ्या वाती पेटवायच्या होत्या. ३२ ज्योती चॉकलेटच्या इंचभर अंतरावर, मी ठाम नाही म्हटलं. शेवटी खऱ्या पणत्या केकपासून दूर, टेबलाच्या पुढच्या कडेला ताटात लावल्या आणि माळेवर पिवळ्या फाँडंटच्या ज्योती राहिल्या.

आजोबा खुर्चीतून उठून आले, माळेभोवती एक फेरी मारली आणि मला हाक मारली.

"पोरी, चांगली केलीस. पण आमच्या माळेचा पश्चिमेकडचा खालचा हात तुटलेला आहे."

"फोटोत ती बाजू दिसत नव्हती, आजोबा."

"असू दे." असं म्हणून त्यांनी तो हात स्वतःच मोडला, तोंडात टाकला आणि आत निघालेली एमडीएफची जीभ चष्मा वर करून बघितली. "लाकूड घातलंयस होय! म्हणून उभी आहे."

कापायला मी मुद्दाम थांबते. उंच केक वरून सुरी घालून कापायला गेलं की सगळी रचना कोसळवायचं काम होतं. आजोबांनी चौथऱ्याच्या कोपऱ्याचा एक तुकडा कापून विधी उरकला, मग मी वरून उतरवायला घेतलं: माथा, नट, पाटी, मग एकेक थर पाटीसकट उचलून बाजूच्या टेबलावर. प्रत्येक थरातले डॉवेल आधी उपसायचे, मगच वाढप्याच्या हातात सुरी. डॉवेल एका पेल्यात टाकत गेले आणि शेवटी झाकणावरच्या आकड्याशी ताळा केला. २४ भरले तेव्हाच पहिलं ताट बाहेर जाऊ दिलं. प्लाय आणि रॉडसाठी ताईंकडून घेतलेली अनामत तिथेच परत केली, सांगाडा धुऊन गाडीत टाकला.

माथ्याचा वाटा मला कोणाला वाढावाच लागला नाही. मी थर उतरवत असताना पोरांनी तो पळवला आणि पायरीवर आपटून फोडला. एक तुकडा मीही मागून घेतला, गूळ कुठे मऊ पडलाय का ते बघायला. कुरकुरीत होता.